घंटी वाजली, बाटली बदला

स्वेटर घातलाय ना? त्यावर कोट चढवा, मफलर गुंडाळा. बाहेर १९४१ सालचं ऑक्सफर्ड आहे, पण ते बघायला तुम्हाला सवड मिळायची नाही. डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीच्या या गारठलेल्या खोलीत तुमची पाळी सुरू झालीय.

आत शिरताच नाकात घुसतो तो पिकून काळ्या पडायला आलेल्या केळ्यांचा घमघमाट. शोधू नका, केळं एकही नाही. हा अमाइल अ‍ॅसिटेट नावाच्या द्रावकाचा प्रताप! थोडा वेळ बरं वाटतं, मग मळमळायला लागतं.

पलीकडे मुलींची लगबग चाललीय. ‘पेनिसिलीन गर्ल्स’ म्हणतात त्यांना. बेडपॅनच्या घाटाच्या चिनीमातीच्या भांड्यांत त्या रंगाच्या फवाऱ्याने बुरशीची बीजं फवारतात. सुरुवातीला तर इस्पितळातले खरेखुरे बेडपॅनच वापरले होते! काही दिवसांनी बुरशीच्या जाड सायीखालचं पिवळट पाणी ओढून घ्यायचं, पॅराशूटच्या रेशमातून गाळायचं आणि तुमच्याकडे पाठवायचं.

त्यात पेनिसिलीन असतं नखाएवढं. बाकी सगळा बुरशीचा कचरा. उकळून आटवावं म्हणाल, तर औषधच मरतं. म्हणून ही युक्ती: पाणी बर्फासारखं गार करून त्यात आम्ल घाला. आता पेनिसिलीनला पाण्यात करमत नाही, ते शेजारच्या द्रावकात उतरतं. बराचसा कचरा मागेच राहतो. मग त्याच द्रावकाला आम्ल नसलेलं ताजं पाणी भेटवा, की स्वारी पुन्हा पाण्यात हजर. मात्र आम्लातही ते फार वेळ तग धरत नाही, म्हणून एवढी थंडी आणि एवढी घाई.

हाताने करून बघायचंय? घ्या हा सेपरेटिंग फनेल. बूच तळहाताने दाबा, उलटा करा, हलवा, तोटी उघडा. फुस्स! आतली वाफ गेली. आता थांबा. दोन थरांमध्ये स्वच्छ रेघ दिसायला हवी. तुम्ही उत्साहाने जरा जास्तच घुसळलंत वाटतं. मध्ये दुधाळ फेस अडकलाय, वर जात नाही की खाली येत नाही. बोटं बधिर झालीत, आणि मागे पिवळ्या पाण्याची रांग वाढतेच आहे.

ठेवा तो फनेल. इथले संशोधक नॉर्मन हीटली यांनी केलेल्या यंत्रापाशी या. बॉडलियन ग्रंथालयाने टाकून दिलेलं ओकचं पुस्तकांचं कपाट, त्यावर काचेच्या नळ्या, रबरी नळ्या, बाटल्या, रंगीत दिवे. कुठे काय जोडलंय ते डोळ्यांनी उलगडत नाही, पण बघा: उभ्या नळीत आम्ल घातलेलं पाणी बारीक थेंबांनी खाली झरतं, द्रावक खालून वर चढतो. जाता जाता गाठ पडते तेवढी पुरे, घुसळायला नको. खरं सांगायचं तर अख्ख्या प्रयोगशाळेत बघत उभं राहावं असं हेच एक आहे. पण उभं राहू देतील तर! ट्रिंग! दारावरची असते तशी घंटी आहे ती, बाटली बदला. दुसरा दिवा लागला, धावा.

एवढ्यात सायकलवरून इस्पितळातली बाटली येते. आत पिवळसर काहीतरी. पेनिसिलीन टोचलेल्या रुग्णाची लघवी आहे ती. औषधाचा मोठा भाग तिच्यातून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि टाकून द्यायला इथे कण नाही. आम्ल, द्रावक, पाणी, पुन्हा तीच कवायत. नाक मुरडू नका. केळ्यांच्या वासात काही कळत नाही. ओता.