लेनिनग्राडचे बियाणे

एकाच धान्याचे शेकडो वाण जपून ठेवण्याचा खटाटोप कशाला, असे व्यवहारी माणूस विचारील. त्याला आम्ही १८४५ चे आयर्लंड दाखवू. तिथल्या गरिबाचे पोट बटाट्यावर, आणि शेतात बहुधा एकच ‘लंपर’ वाण. बटाटा कंदापासूनच लावतात. त्यामुळे सारी झाडे एकाच रक्ताची. करपा एकाला झोंबला तो सर्वांनाच. पुढल्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथींनी दगावली.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको असे देश हिंडले आणि शेतकऱ्यांच्या घरचे बी गोळा करीत गेले. खुरटे, कमी पिकणारे वाणही त्यांनी टाकले नाहीत. रोगाला तोंड देण्याचा गुण कोणत्या दाण्यात दडला आहे, हे आधी कोण सांगणार?

१९४० साली स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना पकडले. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी लेनिनग्राडला वेढा घातला. शहरात माणसे सुताराचा सरस उकळून खात होती, आणि वाव्हिलोव्हांच्या संस्थेत धान्याच्या पेट्या भरलेल्या होत्या! तांदळाचा संग्रह राखणारे दिमित्री इव्हानोव्ह उपासाने गेले; तांदूळ तसाच राहिला. भुईमुगाचे जाणकार अलेक्झांडर श्चुकिन हेही तसेच गेले. दुष्काळात पेरणीचे बी न खाणारा शेतकरी आपल्या ओळखीचा आहे. पण तो ते स्वतःच्या शेतासाठी राखतो. ही माणसे कोणाच्या शेतासाठी राखीत होती?

वाव्हिलोव्ह १९४३ च्या जानेवारीत साराटोव्हच्या तुरुंगात वारले, तेही अन्नावाचून. पेट्या सुरक्षित आहेत की नाहीत, हे त्यांना कोणी कळविले असेल असे आम्हांस वाटत नाही.