दिवाणी दाव्यांची मुदत (गोवा)

पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. तिच्या कलम 535 प्रमाणे देणे 20 वर्षे मागितले गेले नाही आणि मुदत संपताना देणेकरी प्रामाणिक असला, तर तो बंधनातून सुटे; 30 वर्षे लोटल्यावर त्याची नियत पाहिली जात नसे. म्हणजे संहितेप्रमाणे बंधनच सरत असे. भारतीय कायद्यात मात्र कोर्टाची वाट बंद होते, पण देणे उरते. हा भेद मूलभूत आहे. संहितेनुसार पक्षकाराने मुद्दा काढल्याखेरीज न्यायाधीश आपणहून मुदत पाहत नसे, तर 1963 च्या भारतीय मुदत कायद्याच्या कलम 3 प्रमाणे मुदतबाह्य दावा फेटाळणे कोर्टाचे कर्तव्यच ठरते.

पोर्तुगीज राजवटीतून गोव्याच्या मुक्तीनंतर दोन्ही कायदे आमनेसामने आले. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संहितेतील मुदती स्थानिक कायदा म्हणून टिकवल्या. 2001 मध्ये मात्र सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक या कर्जवसुलीच्या खटल्यात त्याने कराराच्या दाव्यांना भारतीय कायदाच लागू केला. कर्जाच्या साध्या दाव्याला त्यात सामान्यतः 3 वर्षांची मुदत आहे. दशकानुदशके थांबू शकणाऱ्या धनकोसाठी ही उलथापालथच होती.