मोटारशर्यतीच्या घड्याळावरील व्यस्त त्रैराशिक

परभणी जिल्ह्यांतील पाथरी हेंच जुनें पार्थपूर होय, असें विद्वान् मानतात. शके १४२५ (इ. स. १५०३) च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' रचणारा ज्योतिषी ज्ञानराज तेथलाच. त्याच्या ग्रंथांत 'यंत्रमाला' नांवाचा यंत्रांविषयींचा अध्याय आहे. त्याचा पुत्र सूर्यदास यानें इ. स. १५४१ मध्यें भास्कराचार्यांच्या लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' ही टीका लिहिली. या पितापुत्रांच्या पोथ्यांचा शोध घेणाऱ्या वाचकांपुढें आम्ही आज एक अर्वाचीन मनगटी घड्याळ ठेवीत आहों. त्यावर कोरलेल्या आंकड्यांचा या पंडितांच्या गणिताशीं संबंध कोणत्या प्रकारचा, हें ठरविणें अवश्य आहे.

हें घड्याळ मोटारींच्या शर्यतीसाठीं योजिलेलें. स्वित्झर्लंडांतील ओमेगा कारखान्यानें इ. स. १९५७ त 'स्पीडमास्टर' काढलें, आणि वेग दाखविणारे आंकडे तबकडीवरून कांचेभोंवतालच्या कड्यावर नेले. ह्यूअर कारखान्याचें 'कॅरेरा' इ. स. १९६३ चें. मेक्सिकोंत इ. स. १९५० ते १९५४ पर्यंत झालेल्या 'कॅरेरा पानामेरिकाना' या शर्यतीवरून जॅक ह्यूअर यांनीं तें नांव घेतलें. कालनिर्णयास असें नांव पुष्पिकेइतकेंच उपयोगी. तें मूळचें असेल, तर वस्तु त्या शर्यतीहून जुनी असूं शकत नाहीं.

आतां कड्याची रीत. गाडी एका किलोमीटरच्या खुणेपाशीं आली कीं कळ दाबावी व पुढील खुणेपाशीं पुन्हां दाबावी. कांटा थांबेल तेथील कड्यावरचा आंकडा हा ताशीं वेग. ३० सेकंद लागले तर १२०, ४५ लागले तर ८०, ६० लागले तर ६०. म्हणजे ३६०० ला लागलेल्या सेकंदांनीं भागावयाचें. काळ वाढतो तसा वेग घटतो. लीलावतींत यासच व्यस्त त्रैराशिक म्हटलें आहे. म्हणूनच कड्यावरील आंकडे समान अंतरानें पडत नाहींत. १२० पासून ६० पर्यंतचे अर्धें वर्तुळ व्यापतात, आणि १२० च्या वरचे सारे उरलेल्या अर्ध्यांत दाटतात.

आमच्या जुन्या मापांत ६० पळांची घटिका व अडीच घटिकांचा तास. म्हणजे तासाचीं पळें १५०, आणि एक पळ २४ सेकंदांचें. घटिकापात्रावर काळ मोजणाऱ्या गणकानें हेंच कडें पळांत कोरिलें असतें, तर भाज्य ३६०० च्या जागीं १५० आला असता: एका पळास १५०, दोन पळांस ७५. उत्तर तेंच.

यावरून स्विस कारागिरांनीं ही विद्या पार्थपुराहून नेली, असें अनुमान काढणें आम्हांस मान्य नाहीं. व्यस्त त्रैराशिक ज्यास कळलें त्यास, तो कोणत्याही देशाचा असो, हेच आंकडे येतील. गणिताचें साम्य हा संक्रमणाचा पुरावा नव्हे. तें कोणी, केव्हां व कोणत्या प्रतीवरून घेतलें हें दाखवावें लागतें. पाथरीच्या पंडितांचें श्रेय त्यांच्या पोथ्यांत स्वतंत्रपणें उभें आहे. निराधार दाव्यानें तें वाढत नाहीं. उलट खऱ्या दाव्यांविषयींही शंका उत्पन्न होते.

संग्राहकांस एक विनंति. असें जुनें घड्याळ हातीं आल्यास झिजलेलें कडें टाकून नवें बसवूं नये. पोथीचें फाटकें शेवटचें पान काढून नवें लिहवून जोडल्यानें जी हानि होते, तीच येथें होते. बदलणें भागच पडलें, तर मूळ कडें घड्याळाबरोबर जपावें व बदलाची तारीख टिपून ठेवावी.