नांगराचा फाळ आणि लॅपटॉपची चिप



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता लॅपटॉप आहे. तो घेताना घरात होणारा वाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. मुलगी म्हणते, हलका घ्या. वडील म्हणतात, वीज गेली तरी दिवसभर चालणारा घ्या. आजोबा म्हणतात, बिघडला तर इथल्या इथे दुरुस्त होईल असा घ्या. तिघांचेही म्हणणे रास्त आहे. पण तिन्ही गुण एका यंत्रात पुरतेपणी नांदत नाहीत. बॅटरी मोठी केली की वजन वाढते. अंग पातळ केले की आतली उष्णता कोंडते. मेमरी सोल्डर करून कायमची बसविली की जागा वाचते, पण पुढे ती वाढविता येत नाही. ही तडजोड यंत्र आखणारा करतो असे आपण समजतो. वस्तुतः तिच्या मर्यादा बव्हंशी आतली चिप ठरवून देते, आणि ती चिप बहुतेक लॅपटॉपवाले स्वतः घडवीत नाहीत. ॲपलसारख्या कंपनीने २०२० पासून आपल्या लॅपटॉपची चिप स्वतः आखली. पण तीही घडते तैवानी कंपनीच्या कारखान्यात.

हा पेच नवा वाटतो. परंतु आपल्या कृष्णाकाठाने तो शंभर वर्षांपूर्वीच अनुभवला आहे, आणि तोच इतिहास आज आम्हांला सांगावयाचा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तो १९०३ च्या सुमारास. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची तेव्हा समजूत होती. ती घालविण्यास फार दिवस लागले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

नांगर ही वस्तू दिसावयास साधी. पण तिच्यातही तडजोडी आहेतच. काळ्या जमिनीतली हरळी व कुंदा मुळासकट काढावयाचा तर नांगर खोल गेला पाहिजे, आणि खोल गेला की बैलांच्या जोड्या वाढल्या. हलका केला तर एका जोडीला ओढतो, पण मुळे शाबूत राहतात. ओतीव बिडाचा फाळ झिजतो कमी, पण दगडावर बसला की तुटतो. पोलादाचा तुटत नाही. परंतु आरंभीच्या त्या वर्षांत पोलाद विलायतेहून येई आणि महाग पडे. यांतले काय पत्करावे, हे आपले रान आणि आपला शेतकरी ओळखणाराच ठरवू शकत होता. तेथे परक्या कारखानदाराचे ज्ञान तोकडे होते, आणि येथील नांगराचे यश त्यातच होते.

तथापि १९१४ साली महायुद्ध पेटले आणि दुसरी बाजू उघडी पडली. आखणी आपली, कारागीर आपले, गिऱ्हाईक आपले. पण बीड आणि दगडी कोळसा बाहेरून रेल्वेने येणारा. तोच युद्धाकडे वळला. मग लाकडी कोळशावर भट्ट्या पेटविण्याची खटपट झाली, आणि मोडीचे लोखंड गोळा करावे लागले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, ही हकीकत या भागात आजही सांगतात. ती ऐकून आपणांस धन्यता वाटते. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानी घ्यावा: तोफा वितळवाव्या लागतात, तेव्हा तो कारखाना फार मोठ्या अडचणीत असतो. आणि गडावरच्या तोफा एकदाच वितळविता येतात.

आता साताऱ्याकडे वळू. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली येथे कारखाना काढला. नांगरापासून आरंभ करून तो पुढे डिझेल इंजिनापर्यंत गेला. इंजिनाचे धड आपल्या ओतशाळेत ओतता येते. परंतु इंधन फवारणाऱ्या पंपाचे काम निराळे. त्यातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या दोनतीन हजारांशांइतकीच असावी लागते. हा पंप म्हणजे त्या काळची चिपच. आपल्याकडे इंजिने करणाऱ्यांना तो प्रथम परदेशातून मागवावा लागे. १९५१ साली बंगळूरला जर्मनीच्या बॉश कंपनीच्या सहकार्याने मायको निघाली आणि मग ते काम देशात होऊ लागले. विद्या बाहेरची होती; पण हात येथले तयार झाले.

कोणी म्हणेल, मग सारेच घरी करावे. हा मार्ग बोलण्यास सोपा आहे. धोलेरा येथे तैवानच्या पॉवरचिपच्या सहकार्याने टाटांचा जो चिपचा कारखाना योजला आहे, त्याचा जाहीर खर्चच ९१,००० कोटी रुपये आहे; त्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाने करावी असा हा काळ नाही, आणि तसा तो किर्लोस्करांचाही नव्हता. पण २०२१ साली चिप मिळेनात म्हणून देशातल्या मोटार कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले, हेही आपण पाहिले. इंजिन तयार, पत्रा तयार, चाके तयार. अडले ते नखाएवढ्या तुकड्यावाचून.

आमच्या मते या इतिहासाचे सार असे: दुसऱ्याकडून वस्तू घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो आपले काम कोणत्या भागापाशी अडेल हे ठाऊक नसण्यात. ज्याच्या हाती तो भाग असतो, तडजोडही तोच करतो, आणि ती त्याच्या सोयीची असते. फाळ कसा असावा हे कृष्णाकाठचे रान पाहून ठरले, म्हणून नांगर चालला. आपल्या मुलांचे लॅपटॉप कसे असावेत हे साताऱ्याचे ऊन, सांगलीची धूळ आणि आपली वीज पाहून अजून कोणी ठरविलेले नाही. ते ठरविण्यास चिपचा कारखाना लागत नाही. त्यास यंत्र उघडून पाहणारी मुले लागतात. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी, हे उघडते का, एवढे अवश्य विचारावे.