अमेरिकेचे निर्वाचक मंडळ : १७८७ च्या तडजोडीचे आजचे पडसाद

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तेथील जनता थेट निवडत नाही. मतदार आपापल्या राज्यातील निर्वाचक निवडतात आणि अशा ५३८ निर्वाचकांचे मंडळ राष्ट्राध्यक्ष ठरवते. विजयासाठी २७० मते आवश्यक असतात. या पद्धतीमुळे देशभरात अधिक मते मिळवूनही उमेदवार पराभूत होऊ शकतो. २००० मध्ये अल गोर आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या बाबतीत तसेच घडले.

भारताच्या राष्ट्रपतींची निवडही निर्वाचक मंडळच करते. मात्र भारतात प्रत्यक्ष कारभार लोकसभेला उत्तरदायी असलेल्या मंत्रिमंडळाकडे असतो, तर अमेरिकेत तो राष्ट्राध्यक्षाच्या हाती असतो. त्यामुळे तेथे या मंडळाला निर्णायक महत्त्व आहे.

गुलामगिरीची छाया

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे राज्यघटना तयार होत असताना राष्ट्राध्यक्ष काँग्रेसने निवडावा की जनतेने, यावर एकमत होत नव्हते. लहान राज्यांना मोठ्या राज्यांच्या वर्चस्वाची भीती होती. दक्षिणेकडील राज्यांची अडचण वेगळी होती. तेथील लोकसंख्येचा मोठा भाग गुलामांचा होता आणि गुलामांना मताधिकार नव्हता. थेट निवडणुकीत या राज्यांचे बळ घटले असते. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन यांनी ही बाब अधिवेशनात स्पष्टपणे मांडली होती.

प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांच्या संख्येचा तीन पंचमांश भाग मोजण्याची तडजोड झाली. प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सेनेटच्या दोन जागा, इतके निर्वाचक प्रत्येक राज्याला मिळाले. परिणामी या तडजोडीचा लाभ राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही दक्षिणेला झाला. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे हे पद व्हर्जिनियातील नेत्यांकडे राहिले.

१८७६ चा वाद

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि १८७० मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकाराची घटनात्मक हमी मिळाली. १८७६ च्या निवडणुकीत सॅम्युएल टिल्डन यांना जनतेची अधिक मते मिळाली. परंतु फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना या राज्यांतून परस्परविरोधी निकाल आले. काँग्रेसने नेमलेल्या १५ सदस्यांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ मतांनी कौल दिला आणि रदरफोर्ड हेज १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने विजयी झाले.

१८७७ मध्ये दक्षिणेतील संघराज्याच्या सैन्याचे संरक्षण काढून घेण्यात आले. पुढे साक्षरता चाचणी, मतदान कर आणि दहशत यांच्या साहाय्याने तेथील कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला. निर्वाचकांची संख्या ठरवताना मात्र त्यांची पूर्ण गणना होत राहिली. म्हणजे त्यांना मत नव्हते, पण त्यांच्या नावाचे बळ इतरांना मिळत होते. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतरच ही स्थिती खऱ्या अर्थाने बदलू लागली.

सुधारणेचे प्रयत्न

थेट निवडणुकीसाठीची घटनादुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली. पुढील वर्षी सेनेटमध्ये लांबवलेल्या चर्चेमुळे ती अडली. घटनादुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आणि ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. विद्यमान पद्धतीचा लाभ होणारी राज्ये ती सहजासहजी देतील, अशी शक्यता कमी आहे.

आजची स्थिती

२०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक आहे, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३२ हजार लोकांमागे एक. ४८ राज्यांत आघाडीच्या उमेदवाराला त्या राज्यातील सर्व निर्वाचक मिळतात. त्यामुळे प्रचाराचा सारा भर पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा मोजक्या राज्यांवर असतो आणि अन्यत्र अल्पमतात असलेल्यांना आपले मत वाया गेल्याची भावना होते.

२००० साली फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांच्या फरकाने निकाल ठरला आणि फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबली. ६ जानेवारी २०२१ रोजी निर्वाचक मतांची मोजणी सुरू असताना जमावाने संसद भवनावर हल्ला केला. त्यानंतर २०२२ मध्ये मोजणीविषयीचा १८८७ चा संदिग्ध कायदा सुधारून उपराष्ट्राध्यक्षांची भूमिका केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट करण्यात आले.

२०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना निर्वाचक मंडळात ३१२ मते मिळाली आणि जनतेच्या मतांतही ते आघाडीवर राहिले. त्यामुळे या वेळी दोन कौलांत विसंगती उरली नाही. मात्र ती पुन्हा निर्माण होऊ शकेल, अशी १७८७ ची रचना आजही कायम आहे.