सुशीच्या प्लेटमधलं काळं पान आणि ‘याचा उपयोग काय?’

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: ‘तुमच्या संशोधनाचा उपयोग काय?’ अर्जातही त्यासाठी वेगळा रकाना असतो. बरेच जण तिथे ‘समाजाला फायदा होईल’ असं काहीतरी मोघम लिहून मोकळे होतात. आज या प्रश्नाकडे जरा आडवाटेने जाऊ. वाट आहे सुशी रेस्टॉरंटची.

पुण्या-मुंबईत आता सुशी मिळते, इन्स्टाग्रामवर तर रोजच दिसते. लाकडी काउंटर, मंद दिवे, काळ्या पाटीवर ओळीने मांडलेले तुकडे. हे सगळं शेकडो वर्षांची परंपरा असल्यासारखं मांडलेलं असतं. ती परंपरा क्षणभर बाजूला ठेवा. प्लेटमधल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ‘तू इथे कधीपासून?’ इतिहासाच्या संशोधनात हा प्रश्न फार कामाचा आहे. कारण एकाच प्लेटमधल्या गोष्टींची वयं वेगवेगळी निघतात.

भात: सगळ्यात जुना, पण पूर्वी फेकून द्यायचे

सुशी म्हणजे कच्चा मासा, असा आपला समज असतो. मुळात या शब्दाचा संबंध आंबटपणाशी आहे. जुन्या पद्धतीत खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्महिने ठेवत. भात आंबायचा, त्यात लॅक्टिक आम्ल तयार व्हायचं आणि मासा टिकायचा. आपल्या इडलीच्या पिठात जे जिवाणू काम करतात, त्यांच्याच जातकुळीतले जिवाणू इथेही असतात. मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. या प्रकाराला नारेझुशी म्हणतात. जपानच्या शिगा प्रांतात, बिवा तलावाच्या काठी, ‘फुनाझुशी’ या नावाने तो आजही बनतो.

पुढे लोकांनी वाट बघणं कमी केलं. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 दरम्यान, भाताला आंबटपणा आणायला थेट व्हिनेगर घालायला सुरुवात झाली. महिन्यांचं काम तासांवर आलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून हातोहात द्यायची पद्धत रूढ झाली. तिचं श्रेय सहसा हानाया योहेई यांना देतात. हीच निगिरी. आज ती महागड्या काउंटरवर मिळते, पण तेव्हा ते रस्त्यावरचं झटपट खाणं होतं, आपल्या वडापावच्या गाडीसारखं.

सॅमन: सगळ्यात नवा

सुशी म्हटल्यावर ज्याचा फोटो डोळ्यांसमोर येतो, तो नारिंगी सॅमन जपानी सुशीत अगदी अलीकडे आला. जपानमध्ये सॅमन पूर्वीपासून खात, पण खारवून किंवा भाजून. पॅसिफिकमधल्या रानटी सॅमनमध्ये अनिसाकिस नावाचा परजीवी कृमी असतो, म्हणून तो कच्चा खाणं टाळत. उत्तरेकडचे आइनू लोक तो गोठवून कच्चा खात. गोठवल्याने कृमी मरतात, म्हणजे यातही शहाणपण होतंच.

1980च्या दशकात नॉर्वेत मत्स्यशेतीतला सॅमन विकला जाईल त्यापेक्षा जास्त पिकू लागला. 1985मध्ये नॉर्वेचे मत्स्यव्यवसाय मंत्री थोर लिस्ताउ शिष्टमंडळ घेऊन टोकियोला गेले. त्यातून ‘प्रोजेक्ट जपान’ उभा राहिला. शेतीतल्या सॅमनला कोरडं, तयार खाद्य देतात, त्यामुळे अनिसाकिसचा धोका जवळपास नसतो. तरी जपानी ग्राहकाला हे पटवण्यात कित्येक वर्षं गेली. 1990च्या दशकात हा सॅमन सुशीत रुळला. त्याच्या प्रसाराला फिरत्या पट्ट्याच्या सुशी दुकानांचा मोठा हातभार लागला. असं पहिलं दुकान शिराइशी योशिआकी यांनी 1958मध्ये ओसाकाजवळ उघडलं होतं, बिअरच्या कारखान्यातला पट्टा बघून.

सॅमनच्या बाबतीत ‘उपयोग काय?’ याचं उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मासा उरला होता, तो खपवायचा होता. समस्या ठरलेली, ध्येय ठरलेलं. असं संशोधनही लागतंच. पण प्लेटमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि तिची कथा बरोबर उलटी आहे.

नोरी: नशिबाचं गवत

रोलभोवतीचं काळं, कागदासारखं पान म्हणजे नोरी. हे समुद्री शैवाल आहे. शास्त्रज्ञ त्याला बराच काळ पॉर्फायरा या प्रजातीत धरत आले. ते बारीक करून, कागद बनवतात तसं चौकटीवर पसरून वाळवतात.

जपानी मच्छीमार एदो काळापासून नोरीची ‘शेती’ करत होते. म्हणजे काय करायचे? शरद ऋतूत उथळ खाडीत बांबूच्या फांद्या रोवायच्या आणि वाट बघायची. काही आठवड्यांत त्यांवर कोवळं शैवाल दिसू लागायचं, हिवाळ्यात कापणी व्हायची. उन्हाळ्यात सगळं शैवाल नाहीसं व्हायचं आणि पुढच्या शरदात पुन्हा उगवायचं. कधी उगवायचं नाही.

बी कुठून येतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेकडो वर्षं चाललेला हा धंदा बियाण्याविना चालला होता. म्हणून याला नशिबाचं गवत म्हणत. 1940च्या दशकाच्या शेवटी वादळं आणि किनाऱ्यालगतचं प्रदूषण यांमुळे पीक कोसळलं, आणि मच्छीमारांच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. जे कुठून येतं तेच ठाऊक नाही, ते परत कसं आणणार?

मँचेस्टरमधली बिनपगारी संशोधक

आता आपण इंग्लंडला जाऊ. कॅथलीन ड्र्यू-बेकर यांचा जन्म 1901चा. मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकल्या, तिथेच शिकवू लागल्या. 1928मध्ये त्यांचं लग्न झालं आणि नोकरी गेली. विवाहित स्त्रियांना त्या पदावर ठेवायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम होता. पुढे त्यांनी त्याच विद्यापीठात संशोधन चालू ठेवलं, पण बहुतेक काळ पगाराशिवाय.

त्यांचा विषय होता लाल शैवालं. त्यांतलं एक पॉर्फायरा ब्रिटनच्या खडकांवर वाढतं. वेल्समध्ये ते शिजवून खातातही. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो असा: या शैवालाचे बीजाणू सुटतात, पुढे त्यांचं होतं काय? पान दिसत नाही त्या काळात हा जीव असतो कुठे?

प्रयोगशाळेत बीजाणू रुजत होते, पण नीट वाढत नव्हते. मग त्यांनी भांड्यात शिंपले ठेवले. बीजाणू शिंपल्याच्या आत शिरले आणि तिथे गुलाबी, सुतासारखे बारीक तंतू वाढू लागले.

खरी गंमत इथे आहे. असे गुलाबी तंतू शास्त्रज्ञांना नवे नव्हते. शिंपले पोखरणारं एक स्वतंत्र शैवाल म्हणून 1892मध्ये त्यांचं वर्णन झालं होतं आणि नावही दिलेलं होतं: कॉन्कोसेलिस रोझिया. म्हणजे पुस्तकात दोन वेगवेगळ्या पानांवर, दोन वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले दोन ‘जीव’ प्रत्यक्षात एकाच जीवाच्या दोन अवस्था होत्या. अळी आणि फुलपाखरू यांना दोन प्राणी समजावं, तसं. ड्र्यू-बेकर यांनी हे 1949मध्ये ‘नेचर’मध्ये एका छोट्या लेखात मांडलं. विषय होता एका ब्रिटिश शैवालाचं जीवनचक्र, सुशीचा किंवा जपानी मच्छीमारांचा तो पेपर नव्हता.

पेपर ते पाणी

तो लेख आपोआप जपानच्या खाडीत पोचला नाही. मध्ये माणसं होती. क्युशू विद्यापीठातले शैवालतज्ज्ञ सेगावा सोकिची यांना या कामाचं महत्त्व कळलं. ब्रिटिश पॉर्फायरा आणि जपानी नोरी भाऊबंद असले तरी एक नव्हते, त्यामुळे इथल्या नोरीतही असंच घडतं का, हे तपासणं भाग होतं. तंतूंतून पुन्हा बीजाणू सुटतात आणि त्यांतून पान उगवतं, हा चक्राचा उरलेला अर्धा भाग जपानी संशोधकांनी पुढच्या काही वर्षांत पक्का केला. कुमामोतो प्रांताच्या मत्स्य केंद्रातले ओता फुसाओ यांनी त्यावरून प्रत्यक्ष बियाणं तयार करायची पद्धत बसवली.

आजही साधारण तशीच पद्धत चालते. उन्हाळाभर टाक्यांत शिंपले टांगून त्यांत तंतू वाढवायचे. शरदात पाणी थंड झालं की बीजाणू सुटतात, ते जाळ्यांवर घ्यायचे आणि जाळी समुद्रात लावायची. काही जाळी गोठवून राखीव ठेवतात, एखादं पीक गेलं तर दुसरं लावता यावं म्हणून. नशिबाच्या गवताचं पीक झालं. नोरी भरवशाची झाली, म्हणून ती आज जगभरच्या रेस्टॉरंटमध्ये दिसते, मग रोल जपानी असो की भात बाहेर आणि नोरी आत असलेला अमेरिकी पद्धतीचा.

ड्र्यू-बेकर 1957मध्ये गेल्या. त्या जपानला कधी गेल्या नव्हत्या. 1963मध्ये कुमामोतोतल्या उतो इथे नोरी उत्पादकांनी त्यांचं स्मारक उभारलं. दर वर्षी 14 एप्रिलला तिथे त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होतो. तिथे त्यांना ‘समुद्राची आई’ म्हणतात.

मग रकान्यात लिहायचं काय?

या गोष्टीतून घाईने चुकीचा धडा काढू नका. ‘मूलभूत संशोधन करा, उपयोग आपोआप होईल’ हा तो धडा. शैवालांच्या जीवनचक्रावर खूप पेपर लिहिले गेले, बहुतेकांची स्मारकं झाली नाहीत. आपल्याला हीच गोष्ट माहीत आहे, कारण ही फळली. इतिहास वाचताना ही निवड लक्षात ठेवा.

दुसरा चुकीचा धडा आणखी धोक्याचा आहे: ‘बघा, त्यांनी पगाराशिवाय केलं, तुम्हीही करा.’ फेलोशिप महिनोन्महिने न मिळालेल्या विद्यार्थ्याला अशा प्रेरणादायी गोष्टी ऐकवायची आपल्याकडे सवय आहे. शोध लागला तो बीजाणू, शिंपले आणि चिकाटी यांमुळे. पगार नसण्याचा त्यात काहीच वाटा नव्हता. तसाच नियम लागलेल्या किती जणींनी संशोधन सोडलं असेल, त्यांची स्मारकं कुठेच नसतात.

मला घेण्यासारख्या वाटतात त्या तीन साध्या गोष्टी. एक, प्रश्न एवढा नेमका असावा की त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाला उचलून वापरता यावं. ‘शैवालांचा अभ्यास’ हा विषय झाला. ‘हे बीजाणू उन्हाळ्यात कुठे जातात’ हा प्रश्न झाला. दोन, जुनी नावं आणि जुनी वर्णनं वाचा. 1892ची नोंद नसती, तर त्या गुलाबी तंतूंना ओळखणं अवघड गेलं असतं. लिटरेचर रिव्ह्यू असतो तो यासाठी. तीन, निष्कर्ष लिहिताना आपण कुठवर आलो तेवढंच लिहा. उरलेला अर्धा भाग दुसऱ्यांना पुरा करता आला, कारण कुठून पुढे जायचं ते स्पष्ट होतं.

आणि ‘उपयोग’च्या रकान्यात? सॅमनसारखं काम असेल तर समस्या, ती कुणाची आणि उत्तर कोण वापरणार, हे सरळ लिहा. नोरीसारखं असेल तर या उत्तरावाचून कुणाचं काम अडलेलं असू शकतं, हे लिहा. ‘समाजाला फायदा होईल’ यापेक्षा दोन्ही बरी.

शेवटी सरावासाठी एक. पॉर्फायराची एक जात आपल्या कोकणात आणि गोव्यातही आहे. पावसाळ्यात लाटा आदळतात त्या खडकांवर ती वाढते आणि पावसाळा सरला की दिसेनाशी होते. उरलेले महिने ती कुठे असते, हे शोधायचं झालं तर तुम्ही पहिल्या आठवड्यात काय कराल? एका पानात लिहून बघा. त्यात ‘समाज’ हा शब्द एकदाही येऊ देऊ नका.