सल्ल्याचं वय: मारुती 800, ऑल्टोचे टायर आणि एक फसलेलं निरीक्षण

आमच्या ओळखीचे एक काका गोंदियात राहतात. त्यांच्याकडे 2004 ची मारुती 800 आहे. खड्ड्यांत पोट घासतं म्हणून त्यांनी तिला ऑल्टोचे टायर टाकले. दोन महिन्यांनी भेटले तर तक्रार तयार: "टायर मोठे टाकले अन् अ‍ॅव्हरेजच बसलं ना गाडीचं. 17 देत होती, आता 16 देते."

तुम्ही पीएच.डी.ची तयारी करत असाल तर इथे थांबा आणि विचार करा, काकांनी नेमकं काय मोजलं?

800 चा मूळ टायर 145/70 आर 12, ऑल्टोचा 145/80 आर 12. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि 12 इंच रिमचा व्यास. हिशेब केला तर जुन्या टायरचा व्यास सुमारे 508 मिमी येतो, नव्याचा 537. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी जवळपास 5.7 टक्के जास्त अंतर जाते. पण मीटर अंतर मोजत नाही, फेऱ्या मोजतो! त्याला टायर बदलल्याची खबरच नाही. काकांचे 16 म्हणजे खरे 16.9. गाडीचं अ‍ॅव्हरेज होतं तिथेच होतं, मोजपट्टी लांबली होती. (पिकअप मात्र खरोखरच थोडा कमी झाला असणार, कारण गिअरिंग तेवढंच उंच झालं. आणि काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा जोरात असते, हे काकांना आवर्जून सांगितलं.)

बदल करताना मोजण्याचं साधनही बदललं, ही चूक प्रयोगशाळेत मीही केली आहे. पण आज मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. अ‍ॅव्हरेज बसल्यावर गॅरेजमध्ये जो सल्ला मिळाला, त्याबद्दल. "एअर फिल्टर बदला, सुधारेल."

गोंदियात हा सल्ला पटकन पटतो. राइस मिलचं गाव, हवेत धानाचा कोंडा, फिल्टर लवकर काळा पडतो. पण या सल्ल्याला वय आहे. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली ती 796 सीसीचं इंजिन आणि कार्बोरेटर घेऊन. कार्बोरेटर आतून जाणाऱ्या हवेच्या ओढीने पेट्रोल खेचतो. फिल्टर तुंबला की ओढ वाढते, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं आणि अ‍ॅव्हरेज पडतं. तेव्हा सल्ला बरोबर होता. 2000 च्या सुमारास 800 मध्ये एमपीएफआय आलं. आता सेन्सर आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेतो आणि संगणक तेवढंच पेट्रोल सोडतो. फिल्टर तुंबला तर ड्रायव्हर नकळत पाय थोडा जास्त दाबतो, इतकंच. 2009 साली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने हे तपासलं. इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही, पूर्ण पाय दाबल्यावरचा वेग मात्र मंदावला. म्हणजे काकांनी फिल्टर जरूर बदलावा, पण पिकअपसाठी.

इंजिन बदललं, वाक्य तेच राहिलं. लिटरेचर रिव्ह्यू करताना हेच होतं. वीस पेपर एकच विधान उद्धृत करतात आणि मूळ विधान कोणत्या उपकरणावर सिद्ध झालं होतं हे कोणी बघत नाही.

"पॉइंट घासून घ्या" हा असाच दुसरा सल्ला. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात तो सोन्यासारखा होता. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने आणली, 1912 च्या कॅडिलॅकमध्ये ती दिसते. पॉइंट झिजले की ठिणगी कमजोर, टायमिंग चुकीचं, म्हणून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं ही तेव्हाची खरी स्वस्त सुधारणा. केटरिंगच्याच हाताखाली थॉमस मिडग्लीने डिसेंबर 1921 मध्ये इंजिनाची ठोक थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसं घातलं. तीही कामगिरी वाढवणारी स्वस्त सुधारणाच होती, आणि तिची किंमत जगभरच्या मुलांच्या रक्ताने मोजली. आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल यायला फेब्रुवारी 2000 उजाडलं. महागडं पेट्रोल टाकलं की गाडी पळते, हा समजही ठोक थांबवण्याच्या त्या काळातला. 800 ठोकत नसेल तर जास्त ऑक्टेनचा तिला उपयोग नाही.

मग जुन्या गाडीला खरंच काय मानवतं? हवेचा योग्य दाब, न चिकटणारे ब्रेक, वेळेवर प्लग. सगळं कंटाळवाणं आणि कंपनीने आधीच सांगितलेलं. त्यापलीकडे गेलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. टायरचा आकारही त्याच चौकटीत तपासावा लागतो. हे ऐकून काका जरा नाराज झाले.

शेवटी आम्ही एक केलं. एकाच पंपावर टाकी फुल, मग आमगाव रस्त्याने फेऱ्या, अंतर फोनच्या जीपीएसवर, परत त्याच पंपावर टाकी फुल. असं तीनदा, दरवेळी सकाळी, दोघेच गाडीत, एसी बंद. तीन आकडे तीन वेगळे आले, सगळे 16.5 आणि 17.3 च्या मधले. काका म्हणाले, "म्हणजे खरा कोणता?" मी त्यांना सरासरी सांगितली, आणि पुढचा अर्धा तास आमची फरक किती असला की फरक मानायचा यावर चर्चा झाली. माझ्या गाईडशी याच मुद्द्यावर एवढी नीट चर्चा कधी झाली नव्हती.